खंदकापाशी बाण नव्हता

डर्व्हला क्विल्टीला मास्तर सापडले ते जुन्या खंदकात, पालथे पडलेले.

शेवटची शर्यत नुकतीच संपली होती. चार वाजायला दहा मिनिटं कमी होती. किलब्रॅनकच्या घोडदौडीच्या मैदानामागे बीच वृक्षांची झाडी आहे. पूर्वी शर्यतीची वाट तिथून जायची. ती आत सरकवून वीस वर्षं झाली, आणि तिकडचा खंदकाचा अडथळा तसाच पडून राहिला. सडकी पानं आणि काळं पाणी, एवढंच आता तिथे असतं.

आधी तिला तपकिरी टोपी दिसली, मग टोपीखालचं डोकं. मॅलकी डिव्हेन, वय एक्क्याऐंशी. अर्ध्या गावाला त्यांनी शाळेत पाढे शिकवलेले, त्यामुळे सगळं गाव त्यांना मास्तरच म्हणायचं. डोक्याच्या मागे एकच घाव होता आणि शेजारी लाकडी मोगरी पडली होती. मोगरीच्या दांड्यावर तापल्या लोखंडाने अक्षरं डागलेली होती : डी. क्यू.

ती डर्व्हलाचीच मोगरी होती. डर्व्हला ते वाचून पळाली नाही, तिने पोलिसांना फोन केला. आपल्या नशिबात काय वाढून ठेवलंय हे तिला तेव्हाच कळलं असावं.

डिटेक्टिव्ह सार्जंट नोरीन टूही गाडी घेऊन निघाली तेव्हा मावळतं ऊन थेट तिच्या डोळ्यांत येत होतं. सकाळपासून आभाळ झाकलेलं होतं. दोन वाजता ते फाटलं आणि डिसेंबरचा सूर्य आडवा पसरला. काचेवरची झडप खाली ओढून, डोळे बारीक करून तिने मैदानाचं फाटक गाठलं.

नोरीन बेटावरची. बाप खेकडे पकडणारा. घोडा कुठल्या बाजूने चावतो एवढंच तिला माहीत होतं, आणि ते किलब्रॅनकमध्ये अपंगत्वात मोजतात. सेंट स्टीफन्सच्या, म्हणजे नाताळनंतरच्या दिवशी अख्खं गाव मैदानावर असतं. नोरीन चौकीत बसून काल उरलेली टर्की खात होती.

तिने डर्व्हलाला मैदानावरच्या कचेरीत बसवलं. डर्व्हला सेहेचाळीस वर्षांची, हात बर्चच्या काटक्यांनी चिरलेले. मैदानावरचे सगळे अडथळे बांधायचं, विणायचं, दुरुस्त करायचं काम तिचं.

“मास्तरांशी आज सकाळी भांडलीस?”

“हो.”

“काय म्हणालीस? चहावाल्यापासून सगळ्यांनी ऐकलंय, तेव्हा नीट सांग.”

“मी म्हणाले, माझ्या बापाचं नाव पुन्हा त्या पुस्तकात तसंच छापलंत, तर तुम्हाला पुस्तकासकट पुरेन.”

“मग?”

“मास्तर हसले. म्हणाले, शर्यती संपल्या की जुन्या खंदकापाशी ये, मग काय पुरायचं ते पुर.” तिने मान वर केली. “म्हणून गेले होते, सार्जंट. बोलावलं म्हणून.”

“मास्तर अडीचला झाडीकडे जाताना फाटकवाल्याला दिसले. तीन वाजता चषक द्यायला आले नाहीत. म्हणजे जे झालं ते पावणेतीनच्या शर्यतीच्या आसपास. तू कुठे होतीस?”

“अडीचला बाण घेऊन ट्रॅक्टरने शेवटून दुसऱ्या अडथळ्यापाशी गेले. शर्यत संपेपर्यंत तिथेच उभी.”

“सोबत कोण?”

“कोणी नाही. माझी दोन माणसं मी पुढच्या अडथळ्यावर पाठवली होती.”

“आणि मोगरी?”

“शेडमध्ये नव्हती. बाणांच्या खुंट्या मी दगडाने ठोकल्या. वाटलं, कोणी उसनी नेली असेल.”

बाण म्हणजे काय, हे नोरीनने विचारलं नाही. घोड्यांच्या गावात अडाणी दिसायचा तिला कंटाळा आला होता. तिने फक्त लिहून घेतलं. तो तिचा मूर्खपणा होता, आणि त्यापायी एका बाईच्या जिवाला आणखी एक दिवस घोर लागला.

मास्तरांचं पुस्तक म्हणजे किलब्रॅनक चेजचा शंभर वर्षांचा इतिहास. पावणेतीनची ती हीच शर्यत, फक्त नवशिक्या घोड्यांची. हंगाम सुरू होईपर्यंत ज्याने अडथळ्यांची एकही शर्यत जिंकलेली नाही, त्यालाच तिच्यात उतरता येतं. एकदा जिंकला की त्याचं नवशिकेपण फक्त त्या हंगामापुरतं उरतं. आयुष्यात एकदाच मिळणारा चषक. म्हणून त्याच्यापायी माणसं वेडी होतात.

नोरीनने मास्तरांच्या टेबलावरून त्यांनी टाईप केलेली पानं आणली आणि कचेरीतच वाचायला बसली. मास्तर मजेत लिहायचे. पहिल्या वर्षी तीन घोडे धावले, त्यांतला एक धर्मगुरूचा होता आणि तोच अडथळ्याला पाहून मागे फिरला. एका वर्षी जिंकलेली घोडी दुसऱ्या दिवशी पुन्हा दुधाच्या गाडीला जुंपली. एका वर्षी बर्फात शर्यत झालीच नाही, तरी दोघे जण हरल्याचं दुःख करत प्यायले.

मग १९८४ चं पान आलं, आणि तिथे मजा संपली.

त्या दिवशी दाट धुकं होतं. प्रेक्षकांना पलीकडची बाजू दिसतच नव्हती. दुसऱ्या फेरीत जॉकी टॉम क्विल्टीचा घोडा तीस घोडे मावतील इतका पुढे होता आणि त्याने खंदकाचा अडथळा उडी न मारता बाजूने टाळला. घोडा बाद झाला. टॉम शपथेवर म्हणाला, ‘अडथळ्यापुढे बाण लावलेला होता, बाजूने जा म्हणून.’ अडथळ्यावरच्या राखणदाराने शपथेवर सांगितलं, ‘खंदकापाशी बाण नव्हता.’ टॉमने शर्यत विकली असं ठरलं, त्याचा परवाना गेला. सहा वर्षांनी दारूने तोही गेला.

टॉम क्विल्टी हा डर्व्हलाचा बाप.

त्या पानाच्या समासात मास्तरांचं पेन्सिलीतलं टिपण होतं : ‘मागच्या पुस्तकात मीच त्याला विकाऊ लिहिलं. चूक माझी. आधी त्याला संधी द्यायची, मग डर्व्हलाला सांगायचं.’

पानाला बोस्टनचा शिक्का असलेलं एक पाकीट टाचलेलं होतं. पाकीट रिकामं होतं. वर लिहिलेलं : ‘मूळ फोटो छपाईवाल्याकडे.’

नोरीनने तो कागद दोनदा वाचला. आधी ‘त्याला’. हा ‘तो’ कोण?

भिंतीवर आजच्या शर्यतीचे दोन कागद डकवलेले होते. सकाळच्या पत्रकात ‘अडथळे : अठरा’ असं होतं. निकालाच्या कागदावर ‘अडथळे : पंधरा’. छापणाऱ्यांना साधं मोजताही येत नाही, असं म्हणून तिने दिवा घालवला.

इग्नेशियस ब्रॉफी तिला मद्यघराच्या दारातच भेटला. मैदान समितीचा अध्यक्ष, वय बासष्ट, डोक्यावर भारी ट्वीडची टोपी आणि चढा आवाज. बापाच्या काळापासून ब्रॉफींचे घोडे गावात नाव राखून होते.

“या, सार्जंटबाई! घोड्यांना घाबरून चौकीत लपला होतात म्हणे?”

“घोडे माझ्यापासून लपतात. मास्तरांना शेवटचं कधी पाहिलंत?”

त्याचा चेहरा पडला. दुःख त्याला चांगलं जमत होतं. “दुपारी जेवताना. मला शाळेत छडी मारायचे हो ते. देवमाणूस.”

“पावणेतीनच्या शर्यतीच्या वेळी तुम्ही कुठे होतात?”

“जिथे दरवर्षी असतो तिथे. शेवटून दुसऱ्या अडथळ्याशेजारच्या टेकाडावर. नवशिक्यांची शर्यत तिथेच ठरते. पोराटोरांनाही माहितीय.”

“मला सांगा, मी बेटावरची आहे.”

“अहो, दमलेला नवशिका घोडा तिथे चुकतो. आज तेच झालं. करडा टिंकर्स लेन पुढे होता, झेप आखूड पडली, पलीकडे उतरताना नाक गवताला टेकलं. जॉकी कसाबसा टिकला. मे मॉर्निंग घोडीने तिथेच त्याला गाठलं. शेवटी मानेच्या फरकाने जिंकली.”

“तिथे आणखी कोण होतं?”

“अडथळ्यावरची नेहमीची दोन माणसं.”

“डर्व्हला क्विल्टी?”

ब्रॉफीने मान हलवली. सावकाश, जड मनाने. “नाही. तिला वाचवावंसं वाटतंय हो मला. पण खोटं कसं बोलू? ती तिथे नव्हती. बापासारखी तापट पोरगी. मास्तरांनी जुनी जखम खरवडायलाच नको होती.”

निकाल खरा होता. मे मॉर्निंग मानेच्या फरकाने जिंकली होती. आता डर्व्हलाची मोगरी, डर्व्हलाची धमकी आणि डर्व्हलाचं खोटं, असा तिहेरी फास तयार झाला. वरिष्ठांचा फोन आला, “टूही, वाट कसली बघतेस?” उद्या संध्याकाळपर्यंतची मुदत नोरीनने कशीबशी मागून घेतली. आपण ती का मागतोय, हे तिला स्वतःलाही सांगता येईना. सगळं तर जुळत होतं.

सकाळी ती आधी छापखान्यात गेली. तिथून निघाली तेव्हा तिच्या कोटाच्या आतल्या खिशात एक फोटो होता. मग ती डर्व्हलाच्या घरी गेली. दारात एक शिपाई पहाऱ्याला बसवलेला होता, आणि स्वयंपाकघरात डर्व्हलाची म्हातारी आई, असम्प्टा, कोणाशी न बोलता बटाटे सोलत होती.

“अटक करायला आलात?” डर्व्हलाने विचारलं.

“शिकायला आले. काल एक गोष्ट विचारायची राहिली. बाण म्हणजे काय?”

डर्व्हला बघतच राहिली. मग हसली, आणि ते हसू काही गोड नव्हतं. “माझा गळा फासात अडकलाय, आणि तपास करणारी नवशिकी निघाली.”

“मान्य. आता सांग.”

तिने सांगितलं. नोरीनने मध्ये दोनच प्रश्न विचारले, मग ती उठून थेट मैदानावर गेली आणि गुडघ्यांवर बसून गवतातल्या चार खुंट्या तपासत बसली. दोन वाजता तिने ब्रॉफीला फोन केला : कालची जागा प्रत्यक्ष दाखवाल का, जबाब पक्का करायचाय, म्हणजे अटक करता येईल.

तो आनंदाने आला.

पावणेतीनला शेवटून दुसऱ्या अडथळ्यापाशी तीन माणसं उभी होती. नोरीन, ब्रॉफी आणि नोरीनने आणलेली डर्व्हला. कालच्यासारखंच आभाळ मोकळं होतं. वारा पडला होता. रिकाम्या मैदानावर कावळ्यांशिवाय कोणी नव्हतं.

“तुम्ही टेकाडावर होतात. ठीक,” नोरीन म्हणाली. “आता जरा खाली या. इथे, गवतावर. घोडा जिथून येतो तिथे उभे राहा आणि अडथळ्याकडे तोंड करा.”

“हा काय पोरखेळ, सार्जंटबाई?”

“मला घोड्यांतलं कळत नाही ना. चालून दाखवा.”

ब्रॉफी वळला, दोन पावलं चालला आणि त्याचा हात आपोआप कपाळावर गेला.

“काय दिसतंय?”

त्याने डोळे बारीक केले.

“अडथळा दिसतोय का, मिस्टर ब्रॉफी?”

“सूर्य आहे समोर.”

“घोड्यांनाही काल तोच होता.”

हात कपाळावरून खाली आला नाही. नोरीनने आवाज चढवला नाही.

“मला काल हे माहीत नव्हतं. आज हिने शिकवलं. सूर्य खाली उतरून घोड्याच्या डोळ्यांत येत असेल, तर तो अडथळा त्या शर्यतीपुरता वगळतात. पुढे बाणाच्या पाट्या ठोकतात आणि सगळे घोडे बाजूने जातात. काल दोनपर्यंत आभाळ झाकलेलं होतं. मग सूर्य निघाला आणि अडीचला हा अडथळा बंद करायचं ठरलं. पावणेतीनची शर्यत तीन वेळा इथून जाते. अठरा अडथळ्यांतले तीन गेले, पंधरा उरले. निकालाच्या कागदावर तो आकडा बरोबर होता, मीच त्याला चूक समजले.”

“मला... मी शेवटच्याबद्दल बोलत होतो. शेवटच्या अडथळ्याबद्दल.”

“इथल्या टेकाडावरून? पोराटोरांनाही माहीत असलेल्या जागेवरून? आणि ती नेहमीची दोन माणसं? ती काल इथे नव्हतीच. अडथळाच बंद, तर राखायचं काय? हिने त्यांना पुढे पाठवलं होतं. टिंकर्स लेनचं नाक काल या गवताला टेकलं नाही, मिस्टर ब्रॉफी. त्याने इथे उडीच मारली नाही. तुम्ही दरवर्षी जे पाहता ते मला सांगितलंत. निकाल तुम्हाला चषक देताना कळला. त्यानंतरच्या शर्यतींत हे अडथळे वापरलेच नाहीत, त्यामुळे चूक लक्षात यायचं कारण नव्हतं.”

“आणि ही इथे होती याला पुरावा काय?” ब्रॉफीने डर्व्हलाकडे बोट केलं. त्याचा चढा आवाज आता पातळ झाला होता.

“खुंट्या. चारही खुंट्यांची डोकी दगडाने फोडलेली आहेत, लाकडात दगडाची कच रुतलीय. मोगरीने ठोकलेली खुंटी अशी फुटत नाही. म्हणजे अडीचला मोगरी हिच्याकडे नव्हतीच. ती शेडमधून आधीच कोणीतरी नेली होती. सकाळचं भांडण ऐकलेल्या माणसाने, या मोगरीवर कोणाची अक्षरं आहेत हे माहीत असलेल्या माणसाने.”

“मी मास्तरांना का मारीन? वेड लागलंय तुम्हाला!”

नोरीनने कोटातून फोटो काढला.

“१९८४ मध्ये इथे रुग्णवाहिकेबरोबर एक बाई होत्या. पहिल्या फेरीत खंदकापाशी एक जॉकी पडला, त्याला उचलायला त्या गेल्या. गळ्यात कॅमेरा होता. दोन दिवसांनी त्या बोस्टनला कायमच्या गेल्या. इथे चौकशी झाली, एका माणसाचा परवाना गेला, हे त्यांना कधी कळलंच नाही. यंदा त्यांच्या मुलाने मास्तरांच्या पुस्तकासाठी त्यांचे जुने फोटो पाठवले.”

डर्व्हला पुढे सरकली. फोटोत धुकं होतं. धुक्यात स्ट्रेचरची कड. मागे खंदकाचा अडथळा आणि त्याच्यापुढे बाणाची पाटी, डावीकडे वळा म्हणून. पाटीशेजारून निळ्या सदऱ्यातला जॉकी घोडा बाजूने काढत होता. आणि पाटीवर हात ठेवून एक तरुण उभा होता. पाटी उपटायला तयार.

“राखणदाराने शपथेवर सांगितलं, खंदकापाशी बाण नव्हता,” नोरीन म्हणाली. “त्या राखणदाराचं नाव पुस्तकात नाही. चौकशीच्या कागदांत आहे, आज सकाळी काढले मी. इग्नेशियस ब्रॉफी, वय बावीस. जॉकी पडून राहिला तरी अशीच पाटी लावतात. त्याला हलवला, पण पाटी तुम्ही ठेवलीत. टॉम क्विल्टी पुढे एकटा होता. तो बाजूने गेला, पाटी निघाली, मागच्या सगळ्यांनी उडी मारली. चषक कोणाच्या घोड्याने नेला?”

“बाबांच्या,” ब्रॉफी म्हणाला. हात आता खाली आला होता. सूर्य तोंडावर तसाच होता. “बाबांना तो चषक पाहिजे होता. मला वाटलं, दोन आठवडे परवाना जाईल त्याचा. फार तर महिना.”

“मास्तरांनी तुम्हाला काल तिथे का बोलावलं?”

“म्हणाले, तासाभरात डर्व्हला येतेय, तिला तू स्वतःच्या तोंडाने सांग. शाळेत खिडकीची काच फोडली तेव्हा म्हणाले होते, अगदी तस्संच. तू सांग, मी छडी मारणार नाही.” तो कडवट हसला. “फोटोचं जेवतानाच बोलले होते, मला माहीत होतं ते काय म्हणणार. म्हणून मोगरी घेऊनच गेलो.”

फाटकाशी थांबवलेल्या शिपायांनी येऊन त्याला नेलं. डर्व्हला त्याच्यावर धावून गेली नाही, ओरडलीही नाही. ती फोटो हातात धरून तिथेच उभी राहिली. मग म्हणाली, “सार्जंट, हा एकदा घरी नेऊ?”

“पुरावा आहे. मी बरोबर येते.”

स्वयंपाकघरात असम्प्टाबाईंनी चष्मा पुसला, पुन्हा पुसला आणि फोटो खिडकीपाशी नेला. डर्व्हला त्यांच्या खांद्यावरून बोट फिरवत राहिली. हा बाबा. ही पाटी. हा बघ बाण. चाळीस वर्षांचं ओझं उतरल्यासारखी ती एकदम बोलायला लागली होती, हसत होती, रडत होती.

“मी म्हणत होते ना आई? आपण दोघी म्हणत होतो ना?”

म्हातारीने चष्मा काढला. तिने फोटो टेबलावर ठेवला आणि तळहाताने दाबून धरला.

“आई?”

“शेवटच्या दिवशी हॉस्पिटलात त्याने माझा हात धरला,” असम्प्टाबाई म्हणाल्या. “म्हणाला, असम्प्टा, बाण होता गं.”

नोरीनने मान खाली घातली.

“मी म्हणाले, असेल, असेल. झोप आता.”